पास की तिकीट? हिशेब माणशी करा!

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की होस्टेलवर घरून फोन सुरू होतात. "अरे, यंदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ म्हणतोय. पास काढायचा का? तू इंजिनिअर होणार ना, सांग बघू!" आता थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात याचे उत्तर नाही, हे वडिलांना कसे सांगणार? पण मित्रांनो, उत्तर अवघड नाही. एक कागद, एक पेन आणि दहा मिनिटे एवढ्यात ते निघते. फक्त हिशेब कसा मांडायचा ते माहीत हवे.

पहिली गोष्ट, आपण राहतो अकोल्यात. आपल्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. रेल्वे गाठायची तर संगमनेरमार्गे नाशिक रोड, नाहीतर राजूर-भंडारदरा-घोटीमार्गे इगतपुरी. म्हणजे आपल्याकडचा कोणताही प्रवास आधी एस.टी.चा आणि मग रेल्वेचा. म्हणून दोन्हींचे पास समजून घेऊ.

पास म्हणजे काय?

आपल्या मेसचेच उदाहरण घ्या. महिन्याचे पैसे एकदम भरले की रोज जेवा नाहीतर उपाशी राहा, रक्कम तीच. कूपन घेतले तर जेवढी ताटे तेवढे पैसे. पास म्हणजे महिन्याची मेस आणि तिकीट म्हणजे कूपन. मॅनेजमेंटच्या पेपरात ज्याला ब्रेक-ईव्हन पॉइंट म्हणतात तो इथे अगदी सरळ आहे : पासाची किंमत भागिले एका किलोमीटरचे भाडे. त्यापेक्षा जास्त फिरणार असाल तर पास, कमी फिरणार असाल तर तिकीट.

इथवर सगळ्यांनाच समजते. खरी गंमत पुढे आहे. मेसमध्ये सगळ्यांना ताटाचा दर एकच असतो. प्रवासात मात्र घरातल्या प्रत्येक माणसाचा दर वेगळा असतो!

एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास'

एस.टी. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो. तेवढ्या दिवसांत कितीही गाड्या बदला. साध्या गाड्यांचा दर वेगळा, शिवशाहीचा वेगळा. दरपत्रकात माणसांचे रकाने मात्र दोनच : प्रौढ आणि मुले. मुलांना साधारण निम्मे.

आता तिकिटाची बाजू बघा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे. आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा तेवढा जवळ हवा.

म्हणजे सवलती बहुतेक तिकिटावर आहेत, पासावर नाहीत. याचा परिणाम काय होतो ते एका काल्पनिक कुटुंबावर पाहू. आजोबा ७६ वर्षांचे, वडील, आई, होस्टेलवरचा मुलगा आणि ११ वर्षांची धाकटी बहीण. अकोल्याहून पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी आणि त्याच रस्त्याने परत. जाऊन-येऊन सुमारे १०५० किलोमीटर.

एस.टी.चे भाडे टप्प्यावर ठरते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. १०५० किलोमीटर म्हणजे १७५ टप्पे, म्हणजे पूर्ण तिकीट १७५० रुपये. पासाचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून हिशेबापुरते चार दिवसांच्या पासाला १४०० रुपये आणि मुलांच्या पासाला ७०० रुपये धरू. किरकोळ अधिभार सोडून देऊ.

वडील : तिकीट १७५०, पास १४००. पास काढावा.
मुलगा : वडिलांसारखेच. पास काढावा.
बहीण : अर्धे तिकीट ८७५, पास ७००. पास काढावा.
आई : अर्धे तिकीट ८७५, पास १४००. तिकीटच घ्यावे.
आजोबा : तिकीट शून्य, पास १४००. पासाचे नावही काढू नये!

आता बेरीज करा. पाचही जणांचे पास काढले तर ६३०० रुपये. पाचही जणांची तिकिटे काढली तर ५२५० रुपये. आणि ज्याचे त्याला सोयीचे केले, म्हणजे तिघांचे पास आणि आईचे तिकीट, तर ४३७५ रुपये. बघा, "सगळ्यांचेच पास काढून टाकू, कटकट नको" असे म्हटले की जवळजवळ दोन हजार रुपये जास्त जातात. पास एकट्याला परवडतो, पण घराला परवडत नाही असे कित्येकदा होते ते यामुळेच.

म्हणून नियम पक्का लक्षात ठेवा : पास कुटुंबाचा नसतो, माणसाचा असतो.

पैशात न दिसणारा खर्च

वरच्या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. १०५० किलोमीटर चार दिवसांत करायचे आहेत. साधी गाडी थांबे धरून ताशी ४० किलोमीटर जाते असे समजा. झाले २६ तास! चार दिवसांतले २६ तास नुसते सीटवर. आपल्याला चालेल हो, आपण रात्रभर सबमिशन लिहून सकाळी व्हायवा देणारी माणसे. पण ७६ वर्षांच्या आजोबांचे काय? शिवाय पास म्हणजे जागेची हमी नव्हे. सुट्टीत स्टँडवर गर्दी असली तर पास हातात असूनही उभे राहावे लागते.

बरे, तीच सहल सात दिवसांत आरामात केली तर? सात दिवसांच्या पासाला समजा २४०० रुपये. पूर्ण तिकीट १७५० च आहे, कारण अंतर तेवढेच. मग पास कोणालाच परवडत नाही, सगळ्यांची तिकिटे आणि खर्च ५२५०. चार दिवसांच्या धावपळीपेक्षा फक्त ८७५ रुपये जास्त. राहण्या-जेवणाचा खर्च अर्थात वाढेल, पण नातेवाइकांकडे मुक्काम असेल तर ८७५ रुपयांत घरच्यांना तीन दिवसांची उसंत मिळते. ती घ्यायची की नाही हे गणित सांगणार नाही, घरच्यांनी ठरवायचे. पण 'पास वसूल करायचा' म्हणून म्हाताऱ्या माणसांना पळवू नये, एवढे नक्की.

रेल्वेची गोष्ट वेगळी

रेल्वेत आपण ज्याला पास म्हणतो ते खरे तर सीझन तिकीट. ठराविक दोन स्टेशनांमधले, साधारण १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतराचे. इगतपुरी-मुंबई त्यात बसते. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाला ढोबळमानाने पंधरा एकेरी फेऱ्यांइतके पैसे पडतात, म्हणजे महिन्यात आठ वेळा जाऊन-येऊन झाले की पास वसूल. नोकरदारांसाठी उत्तम. पण तो ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा आणि आरक्षित डब्यात तो सहसा चालत नाही. सहलीला त्याचा उपयोग नाही.

देशभर फिरण्याचा 'इंडरेल पास' पूर्वी होता, पण तो परदेशी पर्यटकांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी. तोही २०१७ मध्ये बंद झाला.

मग लांबच्या सहलीला काय? त्यासाठी फारशा लोकांना माहीत नसलेली एक सोय आहे : चक्राकार प्रवासाचे तिकीट. रेल्वेचे भाडे अंतराबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरतो. म्हणून पाच तुकड्यांची पाच तिकिटे काढली तर महाग पडते आणि सलग अंतराचे एक तिकीट स्वस्त. समजा काशीयात्रेला जायचे आहे : नाशिक रोडहून प्रयागराज, वाराणसी, अयोध्या, लखनौ आणि भोपाळमार्गे परत नाशिक रोड. चक्राकार तिकिटात निघण्याचे आणि पोचण्याचे स्टेशन एकच असते, वाटेत आठपर्यंत ठिकाणी उतरता येते, आणि एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन लांब प्रवासांचे भाडे लावतात. मात्र हे मोबाइलवर दोन मिनिटांत होणारे काम नाही. मार्ग ठरवून स्टेशनवर द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करून घ्यावे लागते. सुट्टीच्या बरेच आधी तयारीला लागा.

माणशी हिशेब इथेही चुकत नाही, फक्त सवलती उलट्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ मागितला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला शयनयानात बर्थ घेतला तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे, बर्थ नको असेल तर निम्मे. एका रात्रीच्या प्रवासात धाकटीला आईजवळ झोपवणार की तिला बर्थ घेणार, हे आधी ठरवा. आणि एकाच तिकिटावर सगळे असले तरी ऐनवेळी एकट्या आजोबांचे येणे रद्द झाले तर तेवढेच रद्द करता येते.

आपल्यासाठी मात्र चांगली बातमी : विद्यार्थ्यांची सवलत चालू आहे. सुट्टीत गावी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी दुसऱ्या वर्गात आणि शयनयानात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते. घरच्या सहलीला ती चालत नाही, पण विदर्भातून वा परराज्यातून आलेल्या होस्टेलच्या मुलांनी ती का सोडावी?

परदेशातही हाच प्रश्न

आपले कित्येक सीनियर नोकरीसाठी परदेशी गेले आहेत. आईवडील भेटायला आले की त्यांच्यापुढेही हाच प्रश्न. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन तिकीट साधारण २८,००० येन. पूर्वी तेवढ्यात पास जवळजवळ वसूल व्हायचा, आता होत नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये आईवडिलांनी प्रवास पास काढला तर सोबतची ६ ते १५ वर्षांची मुले फॅमिली कार्डावर फुकट. तिथे सवलत पासाच्या बाजूला आहे, आपल्या एस.टी.त ती तिकिटाच्या बाजूला. म्हणून दुसऱ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. तो एकटा फिरला असेल, तुम्ही पाच जण आहात.

तेव्हा घरून फोन आला की आधी तीन गोष्टी विचारा : कोण कोण येणार आणि वय किती, एकूण किती किलोमीटर, आणि किती दिवस. मग प्रत्येकाच्या नावापुढे तिकीट आणि पास असे दोन आकडे लिहा आणि लहान आकड्याला गोल करा. दर तेवढे निघण्याआधी अकोले आगाराच्या खिडकीवर किंवा स्टेशनवर विचारून घ्या. आणि हो, खिडकीची जागा आजीला द्या!