स्वयंचलित गिअरची फोर-बाय-फोर गाडी हिसके कां देते?

आपल्या सभासदांपैकीं कित्येकांच्या दारांत आतां ट्रॅक्टरच्या शेजारीं चारही चाकांस जोर पोंचविणारी, म्हणजे लोक जिला फोर-बाय-फोर म्हणतात तशी गाडी उभी असते. पावसाळ्यांत मळ्याची वाट चिखलांत बुडाली म्हणजे हिचा उपयोग काय तो कळतो. त्यांतून स्वयंचलित गिअरची गाडी असली तर डाव्या पायास विश्रांति आणि घाटांत चालकाच्या जिवास स्वस्थता. परंतु हीच गाडी एके दिवशीं गिअर बदलतांना हिसके देऊं लागली म्हणजे मालकाच्या पोटांत गोळा उठतो. कारण ही गिअरपेटी बदलण्याचा खर्च ऐकूनच माणूस खालीं बसतो.

आमच्या पुतण्यावर हा प्रसंग गुदरला. त्यानें जुनी घेतलेली डिझेल गाडी वाईहून पसरणीच्या घाटानें वर जातांना दुसऱ्या गिअरांतून तिसऱ्यांत शिरतेवेळीं मोठा धक्का देऊं लागली. एका कारखान्यांत दाखविली तेव्हां तेथील मनुष्यानें दहा मिनिटें चालवून, "पेटी गेली, नवी बसवा," असा निकाल दिला. सांगितलेली रक्कम त्या सालच्या सबंध हळदीच्या पट्टीएवढी होती. पुतण्या पैसे भरावयास निघालाहि होता. आम्हीं त्याला चार दिवस थांबविलें. यंत्रविद्येचें शिक्षण आम्हांस नाहीं. पण महसुलाच्या कारकुनींत जन्म गेल्यामुळें, पंचनामा झाल्यावांचून निकाल देऊं नये एवढें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. पुढें जें लिहीत आहों तें त्या चार दिवसांचें, आणि त्यानंतर एका वृद्ध व जाणत्या मिस्त्रीपाशीं बसून शिकलेलें आहे.

प्रथम आपली पेटी कोणत्या जातीची तें गाडीच्या पुस्तकांतून पाहून घ्यावें. कांहीं स्वस्त गाड्यांत साधीच गिअरपेटी असून तिचा क्लच दाबणें व गिअर बदलणें हीं कामें यंत्र करतें. तिला एएमटी म्हणतात. ती स्वभावतःच थोडी अडखळते, व तो रोग नव्हे. येथें आम्ही टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पेटीविषयींच बोलत आहों.

या पेटींत इंजिन आणि गिअर यांच्यामध्यें घट्ट जोड नसून तेल असतें. इंजिनकडील पात्यांचें चाक तेल फेंकतें आणि त्या रेट्यानें समोरचें चाक फिरतें. ही युक्ति हर्मान फ्यॉटिंगर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें आगबोटींकरितां काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोटारींत तेलाच्या जोडाची पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम आली ती अमेरिकेंत. जनरल मोटर्सनें १९३९ सालीं पुढें आणलेली हायड्रामॅटिक ती हीच. पेटीच्या पोटांत दांत्यांच्या चाकांचे संच असतात, आणि त्यांपैकीं कोणता चालावा हें घर्षणाच्या चकत्या आवळून वा सोडून ठरतें. या चकत्या आवळणारें बळ म्हणजेहि तेलाचा दाब. आधुनिक गाडींत एक लहान संगणक सोलेनॉइड नांवाच्या विजेच्या झडपा उघडून व मिटून तो दाब इकडून तिकडे वळवितो. सारांश, जोर नेणें, चकत्या आवळणें, वंगण आणि थंडावा हीं सर्व कामें एकच तेल करतें. पाटाला पाणी कमी झालें म्हणजे शेवटच्या वाफ्यास जसें तें वेळेवर पोंचत नाहीं, तसें तेल कमी झालें कीं चकती उशिरा आवळते. तेवढ्यांत इंजिन मोकळें सुटून गरगरतें, आणि मग चकती पकडतांच दणका बसतो. बहुतेक हिसक्यांचा उगम येथें असतो.

म्हणून पंचनामा असा करावा. एक वही घेऊन हिसका केव्हां येतो तें प्रत्येक वेळीं टिपावें: गाडी थंड असतांना कीं तापल्यावर, कोणत्या गिअरांतून कोणत्या गिअरांत, चढावर कीं उतारावर, सरळ रस्त्यावर कीं वळणावर, आणि गाडी दोन चाकांवर लावलेली होती कीं चार चाकांवर. आम्हीं पुतण्याच्या शेजारीं बसून अशी दीड पानें भरलीं, आणि वाचून पाहतों तों दिसलें कीं एकच रोग समजून आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एके ठिकाणीं बांधल्या होत्या.

पहिली गोष्ट अशी कीं, सकाळीं दांडा 'डी'वर टाकल्यावर गाडी दोन-तीन अंक मोजीपर्यंत हालतच नसे व मग दचके. आणि घाटांत दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातांना इंजिन आधीं उंच ओरडे, मग धक्का बसे. हें वर सांगितलेलें तेल कमी असल्याचें लक्षण.

दुसरी गोष्ट फक्त गांवांतल्या डांबरी गल्लींत वळतांना घडे. गाडी कण्हे, अडे आणि झटका देऊन सुटे. त्या वेळीं दांडा 'फोर-एच'वर होता! मळ्यांतून येतांना चार चाकांवर लावलेली गाडी पुतण्या तशीच घरापर्यंत आणी. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा फेरा घेतात. ज्या गाडींत पुढच्या व मागच्या शाफ्टांमध्यें डिफरन्शियल नाहीं, तिच्यांत 'फोर-एच' लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकमेकांस बांधले जातात. चिखलांत चाक थोडें घसरून ही तूट भरून काढतें. कोरड्या डांबरावर तें घसरत नाहीं, म्हणून पीळ सांठत जातो व शेवटीं झटक्यानें सुटतो. यांत गिअरपेटीचा दोष कांहींच नाहीं. पण असें नेहमीं चालविलें तर ट्रान्सफर केस खराब होते. पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असले तर हाच पीळ सरळ रस्त्यावरहि चढतो. म्हणून चारही टायर एका मापाचे, सारख्या झिजेचे व ठरविलेल्या हवेचे असावेत. कांहीं गाड्यांना मात्र मधला डिफरन्शियल असतो आणि त्या सदा चार चाकांवर चालतात. आपली कोणती तें पुस्तक पाहूनच ठरवावें.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी थांबतां-थांबतां किंवा थांबून निघतांना खालून येणारा 'ठक्' असा आवाज. मिस्त्रीनें गाडीखालीं शिरून प्रोपेलर शाफ्ट हातानें हलविला. त्याचा आंतबाहेर सरकणारा जोड ग्रीसवांचून कोरडा ठणठणीत होता. ग्रीस भरतांच आवाज गेला. शाफ्टचे क्रॉस झिजले असतील, किंवा इंजिन व पेटी ज्या रबरी माउंटिंगांवर बसतात तीं फाटलीं असतील, तरी हाच ठोका ऐकूं येतो आणि दोषाचा आळ गिअरपेटीवर जातो.

आतां तेल पाहण्याची रीत. ज्या गाडीला डिपस्टिक आहे तिच्यांत बहुधा गाडी चालवून तापवावी, सपाट जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढून चाकांस दगड लावावे, ब्रेकवर पाय ठेवून दांडा सर्व खुणांवरून एकेकदां फिरवून 'पी'वर आणावा, आणि इंजिन चालूं असतांनाच पातळी पाहावी. इंजिन बंद करून पाहिली तर ती खोटी दिसते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथें खालचा बूच उघडून, तेल ठराविक उष्णतेवर असतांना तें नुसतें ठिबकतें कीं नाहीं हें पाहतात. ही उष्णता बहुधा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण खरा आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांतलाच मानावा, कारण तापलेलें तेल फुगतें आणि पातळी फसविते. हें काम लिफ्ट असलेल्या कारखान्यांतच करवावें. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. तसेंच फोर-बाय-फोर गाडीचें एक चाक उचलून इंजिन गिअरवर टाकूं नये. उरलेलीं चाकें गाडी जॅकवरून ओढून काढतात.

तेल पांढऱ्या फडक्यावर टिपून पाहावें. चांगलें तेल बहुधा तांबडें व पारदर्शक असतें. तपकिरी झालें तर तें म्हातारें झालें. काळें असून जळका वास आला तर चकत्या जळल्या आहेत. दुधट गुलाबी दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे, आणि ही गोष्ट आपल्यासारख्या ओढे ओलांडणारांनीं विशेष ध्यानांत धरावी. तापलेली पेटी थंड पाण्यांत बुडाली म्हणजे आंतली हवा एकाएकीं आकसते व ब्रीदरच्या नळीवाटे पाणी ओढून घेते. म्हणून त्या नळीचें तोंड उंच व शाबूत आहे ना, हें पावसाळ्यापूर्वीं पाहावें. रेडिएटरमधील तेलाचा कूलर आंतून फुटला तरीहि असेंच दुधट तेल दिसतें. तें दिसतांच गाडी चालविणें बंद करून ती दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी. पाण्यानें चकत्यांचें अस्तर सुटूं लागतें.

तेल भरतांना पुस्तकांत लिहिलेल्याच जातीचें भरावें. दुकानदार "सगळ्यांना चालतें" असें म्हणतो, पण त्याच्या बोलण्यावर पेटी टांगूं नये. जास्तहि भरूं नये; फिरणारे भाग त्याचा फेंस करतात, फेंसाला दाब धरत नाहीं, आणि हिसके पुन्हा येतात.

पुतण्याच्या गाडींत तेल तांबडेंच होतें, फक्त कमी होतें. कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या जोडाशीं तें पाझरत होतें आणि वरून बसलेल्या धुळीनें तो ओलावा झांकला होता. नळी बदलली, तेल पुरतें केलें, आणि सकाळची ती थांबून दचकण्याची खोड त्याच दिवशीं गेली. एकंदर खर्च हळदीच्या एका पोत्याच्या किंमतीएवढाहि झाला नाहीं.

तेल ठीक असूनहि हिसके राहिले तर विजेकडे वळावें. मरूं घातलेली बॅटरी, गंजलेली अर्थिंगची तार किंवा उंदरांनीं कुरतडलेली वायर यांमुळें संगणकाची बुद्धि भ्रमते. गाडी खळ्याशेजारीं उभी राहत असेल तर आधीं उंदीरच पाहावेत. कधीं कधीं पेटी एकाच गिअरांत अडकून बसते; तिला वांचविण्यासाठीं संगणकानें मुद्दाम केलेली ती योजना असते. अशा वेळीं स्टिअरिंगखालीं असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र लावून दोषांचे अंक वाचतां येतात. ते पुसण्यापूर्वीं कागदावर उतरवून घ्यावेत; एकदां पुसले कीं पुरावा गेला. बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर किंवा संगणक नव्यानें शिकवल्यावर कांहीं दिवस गिअर थोडे खडबडीत पडतात, तेव्हां लगेच घाबरूं नये. आणि इंजिनच चुकत असेल, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल, तर तोहि धक्का गिअरचा वाटतो.

पेटी खरोखरच उघडावी लागते तीं लक्षणें वेगळीं. तेल काढल्यावर तळच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणें साहजिक आहे. परंतु धातूचे कण हातांस टोंचतील एवढे असले, किंवा तेल पुरेसें असूनहि गाडी 'डी'वर वा 'आर'वर हालेना, तर कारखान्याचा निकाल खरा समजावा. मात्र त्या वेळींहि तळ उघडून दाखवा, असें सांगावें.

पुतण्याच्या गाडीचा एक ठोका अजून बाकी आहे. उतारावर उभी केलेली गाडी 'पी'वरून काढतांना तो येतो. आंतला खिळा सबंध गाडीचा भार धरून बसतो व तो सुटतांना दणका देतो. यास औषध एवढेंच कीं, थांबल्यावर ब्रेकवरचा पाय न काढतां आधीं हातब्रेक ओढावा, मग पाय सैल करून गाडीचा भार हातब्रेकवर येऊं द्यावा, आणि त्यानंतरच दांडा 'पी'वर टाकावा. पुतण्याला तें रोज सांगावें लागतें.