उठाबशांचं इंग्रजी

एके काळी स्पेलिंग चुकलं की उठाबशा काढाव्या लागत. आता मराठी शाळेतल्या पहिलीच्या वर्गात इंग्रजीचा तासच उठाबशांनी सुरू होताना दिसतो, आणि पोरं खिदळत असतात. बाई म्हणतात, 'स्टँड अप', सगळा वर्ग उभा. 'सिट डाऊन', सगळे खाली. 'टच युवर नोज', नाकं धरली जातात. मग बाई लबाडी करतात. तोंडानं म्हणतात 'नोज' आणि स्वतःचा हात नेतात कानाला. निम्म्या पोरांचे हात कानाकडे जातात, उरलेली विजयी चेहऱ्यानं नाक घट्ट धरून बसतात. कोण शब्द ऐकतंय आणि कोण नुसती नक्कल करतंय, ते बाईंना तेवढ्यात कळून चुकतं. परीक्षा झाली, पण घेतली गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या खेळाला शास्त्रात भारदस्त नाव आहे, 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स'. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात तो मांडला. त्यांचं निरीक्षण कुठल्याही आजीला पटेल असं आहे. तान्हं मूल बोलायला लागण्याआधी कित्येक महिने ऐकत असतं. 'ये', 'दे', 'टाटा कर' या हुकमांना ते अंगानं उत्तर देतं, जीभ नंतर वळते. मग परकी भाषा शिकवताना पहिल्याच दिवशी तोंड उघडायची सक्ती कशाला?

महाराष्ट्रात या युक्त्यांची निकड निर्माण झाली जून २००० मध्ये. तोवर मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आलं. वाद पुष्कळ झाले: मराठीचं काय होणार, शिक्षकांना तरी कुठे इंग्रजी येतं, वगैरे. वाद बाजूला ठेवले तरी वर्गातली अडचण खरीच होती. पाचवीतल्या पोराला वाचता-लिहिता येतं, त्याच्यापुढे पुस्तक आणि चार रेघी वही ठेवता येते. पहिलीतलं पोर अजून मराठी अक्षरंच गिरवत असतं. त्याला पाठांतर देता येत नाही, व्याकरण तर नाहीच. उरतं काय? गाणं, कृती, चित्र, खेळ. म्हणजे खेळातून इंग्रजी ही काही चैन म्हणून आली नाही. दुसरी वाटच नव्हती.

त्यातला मला सर्वांत आवडणारा उपक्रम साधा आहे: घरातले आणि शिवारातले इंग्रजी शब्द गोळा करून आणा. पोरं घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी भरगच्च यादी येते. चार्जर, रिचार्ज, टीव्ही, गॅस, कुकर हे तर येणारच. पण शेतकऱ्याचं पोर आणतं पाईप, व्हॉल्व्ह, ड्रिप, मोटार, स्टार्टर, फ्यूज, स्प्रे, रोटाव्हेटर. दवाखान्यात जाऊन आलेलं आणतं सलाईन. हे शब्द चिठ्ठ्यांवर उतरवून भिंतीवर लावले, की 'मला इंग्रजी येत नाही' म्हणणाऱ्या पोराच्या खात्यावर आधीच पन्नासेक शब्द जमा असतात. लिपीनंही पूर्वतयारी करून ठेवली आहे. ॲ आणि ऑ येऊन बाराखडीची चौदाखडी झाली ती अशाच शब्दांसाठी. 'बॅट' आणि 'बॉल' म्हणताना मराठी पोर अडखळत नाही.

भेंड्यांचंही तसंच. 'कॅट' म्हटलं की 'टी'वरून 'टायगर', 'टायगर'च्या 'आर'वरून 'रॅट'. पुढे पुन्हा 'टी'. थोड्याच वेळात वर्ग 'ई' या अक्षरात रुतून बसतो, कारण इंग्रजीतले निम्मे शब्द 'ई'वर संपतात की काय असं वाटायला लागतं. 'एग' आणि 'एलिफंट' संपले की पुढे सामसूम. तेव्हा पोरं शब्दकोश स्वतःहून मागतात. शब्दकोश मागणारी दुसरीतली पोरं आणखी कुठल्या तासाला भेटतील?

पण खेळ म्हणजे लगेच भाषा नव्हे, आणि माझी कुरकुर इथेच आहे. 'व्हॉट इज युवर नेम?' असा प्रश्न शेजारच्या बाकावरच्या गण्याला विचारायचा आणि त्यानं उत्तर द्यायचं, हा संवाद नाही, हे नाटक आहे. गण्याचं नाव साऱ्या गावाला ठाऊक आहे. बोलण्याला निमित्त लागतं: एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसावं लागतं.

हे सूत्र घेऊन आपल्याकडेच एक मोठा प्रयोग झाला. मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे कोडी मांडली. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, अमक्या गाडीनं निघाल्यास कधी पोहोचाल. मुलं उत्तराच्या मागे लागतात, भाषा वाटेत पदरात पडते. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. १९८७ मध्ये त्यावर प्रभूंचं पुस्तक आलं. त्यांचा एक ठोकताळा प्रत्येक शिक्षकानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे: निम्म्या मुलांना निम्मं काम तरी जमलं पाहिजे. मात्र मुलांना गटागटानं बसवण्याच्या ते विरोधात होते. आपसात ती मोडकंतोडकं बोलत राहतील आणि तेच पक्कं होईल, ही त्यांची धास्ती. इथे मात्र मला प्रभू पटत नाहीत. साठ पोरांच्या वर्गात बाईंशी बोलायची पाळी एकेकाच्या वाट्याला येणार तरी कधी? मोडकं का होईना, बोलू द्या.

कुठल्याही शाळेत करता येणारी कृती घ्या. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात घराचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. 'ट्री' म्हटलं तर विचारावंच लागतं, 'व्हेअर?' 'लेफ्ट' की 'राईट' यावर भांडण होतं, झाड छपरावर उगवतं, आणि शेवटी दोन्ही कागद शेजारी धरून हशा पिकतो. खर्च, पाठकोरे चार कागद.

वर्गातला बाजारही असाच. भाजीच्या ढिगावर भावाची पाटी लावली की खेळ मेला. सगळ्यांना भाव दिसतोच. भाव चिठ्ठीवर लिहून विक्रेत्याच्या मुठीत ठेवा. मग 'हाऊ मच?' विचारल्यावाचून टोमॅटो मिळत नाही. आठवडी बाजारात आईच्या मागे फिरलेलं पोर घासाघीस केल्याशिवाय राहणार आहे का! 'नो, नो, फाईव्ह रुपीज ओन्ली.' पाठ्यपुस्तकात घासाघीस नसते. असायला हवी.

कुटुंबाच्या तक्त्याचा प्रकल्प तर मराठी घरात हमखास रंगतो. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी इंग्रजीत एकाच 'आंट'मध्ये कोंबायच्या, हे पोरांना मंजूरच नसतं. "बाई, मग आत्या आल्ये की मावशी, ते त्यांना कळतं कसं?" या प्रश्नावर दहा मिनिटं मराठीत गप्पा झाल्या, तर तो वेळ वाया गेला असं मी मानत नाही. उलट 'यू' पोरांना भारी आवडतो. तू, तुम्ही आणि आपण सगळं एकाच शब्दात. बाईंनाही 'यू', कुत्र्यालाही 'यू'.

हे सगळं बिघडतं कुठे? दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. एकीकडे बाजार भरला की दुसरीकडची गणितं कोलमडतात. पाहुणे यायचे असले की खेळ थांबतो आणि पाच हुशार पोरांकडून दहा वाक्यं घोटून घेतली जातात. रंगीत तक्ते तर बहुधा छताजवळ टांगलेले. पोरांच्या नजरेच्या नव्हे, छायाचित्राच्या उंचीवर.

पालकांना एवढंच सांगणं. पोर शाळेतून आलं की 'आज कुठलं स्पेलिंग पाठ केलंस?' हे विचारू नका. त्याला म्हणा, मला इंग्रजीत हुकूम सोड. ते म्हणेल, 'स्टँड अप'. उठा.