लपणे, दडणे आणि तळवासी मासे

मराठीत ‘लपणे’ आणि ‘दडणे’ ही दोन क्रियापदे बहुधा परस्परांचे पर्याय मानली जातात. व्यवहारात मात्र ती सर्वत्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मूल दारामागे लपते. दार आणि मूल यांत हातभर अंतर राहिले तरी बिघडत नाही, शोधणाऱ्याची दृष्टी अडली म्हणजे झाले. विंचू दगडाखाली दडतो, साप कपारीत दडतो; येथे दृष्टी अडणे हा गौण भाग असून अंग भोवतालच्या वस्तूला टेकणे, किंबहुना तिच्यात दाटून बसणे, हा अर्थ पुढे येतो. लपण्यास पाहणारा कोणी तरी लागतो. दडण्यास केवळ फट लागते.

हा भेद येथे मांडण्याचे कारण व्याकरणाबाहेरचे आहे. घरगुती मत्स्यपेटीत तळाशी राहणाऱ्या माशांकरिता जी सोय केली जाते, ती बहुतेक वेळा लपण्याची असते. त्या माशांची गरज मात्र दडण्याची असते. बाजारात मिळणारे रंगीत किल्ले, कमानी आणि बुडालेली गलबते ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली असतात. त्यांची दालने ऐसपैस, आणि ऐसपैसपणा हाच त्यांचा दोष होय.

या विषयाचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. ‘बोटिया स्ट्रायाटा’ या नावाचा एक लहान मासा पश्चिम घाटातून उगम पावणाऱ्या कृष्णा खोऱ्यातील नद्यांत आढळतो. लॅटिन ‘स्ट्रायाटा’ म्हणजे रेघांचा. पिवळसर अंगावर गर्द आडवे-उभे पट्टे, तोंडाशी आखूड मिशा, सपाट पोट. लांबी सामान्यतः ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९५६ साली कलावार व केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांवरील आपल्या लेखात त्याच्या एका प्रकारास ‘कोल्हापुरेन्सिस’ असे नाव दिले. आज हा प्रकार वेगळा मानला जात नाही, ते नाव मूळ नावाचा पर्याय म्हणून केवळ सूचीत उरले आहे. परंतु ‘झेब्रा लोच’ या व्यापारी नावाने हा मासा जगभरच्या मत्स्यपेट्यांत पोहोचला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. अधिवासाचा ऱ्हास आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड ही त्याची कारणे होत. घरच्या पेटीत हा मासा सहसा वीण करीत नाही. यास्तव पेटीत मेलेल्या माशाची जागा पुष्कळदा नदीतूनच भरली जाते, ही गोष्ट पाळणाऱ्याने विसरू नये.

नदीत त्याचे घर कोणते? वाहत्या पाण्यातील गोटे, त्यांच्याखालच्या सांदी आणि वाळू. वाळूचा उपसा झाला की हे घर मोडते. पाणी संथ झाले की गोट्यांमधील जागेत गाळ बसतो आणि सांदी बुजतात. ‘बुजणे’ हे क्रियापदही येथे मोठे चमत्कारिक आहे. खड्डा बुजतो आणि घोडाही बुजतो. एकच रूप भरून जाण्यासाठी आणि भेदरण्यासाठी. नदीच्या तळाशी मात्र पहिले बुजणे दुसऱ्याचे कारण होते.

बोटियाला अंगाशी वस्तूचा स्पर्श हवा असतो. या प्रवृत्तीस आपण स्पर्शानुवर्तन म्हणू. ती भित्रेपणाची खूण नसून विश्रांतीची रीत आहे. हे मासे फटीत एकमेकांस चिकटून, कधी कुशीवर कलंडून निजतात. नवशिक्यास ते मेलेच असे वाटते. निवाऱ्याचा परिणाम केवळ वागणुकीवर होतो असेही नाही. अटलांटिक सामनच्या पिलांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवारा नसताना माशाचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. सामन आणि बोटिया यांचे कूळ भिन्न आहे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु आडोसा नसलेला मासा स्वस्थ बसला तरी स्वस्थ नसतो, एवढे त्यावरून दिसते.

गडमुडशिंगी येथील एका परिचित गृहस्थांच्या चार फुटी पेटीत असे सहा मासे होते. तळाशी दोन अर्धी मडकी पालथी घातलेली, प्रत्येकाचे तोंड वीतभर रुंद. मासे त्यांत कधीच जात नसत. गाळणीची नळी आणि काच यांमधील बोटभर जागेत सहाही जण दाटीवाटीने बसत. मडकी काढून तेथे चपट्या काळ्या दगडांची, मध्ये अडीच-तीन सेंटिमीटर फट राहील अशी, उतरंड रचली. आठवड्याभरात संध्याकाळी फटींतून तोंडे दिसू लागली आणि पुढे मासे दिवसाउजेडी वाळू हुंगत फिरू लागले. दडावयाची जागा वाढविली म्हणजे मासा अधिक दिसतो, हे ऐकावयास विरोधाभासासारखे वाटते; पण परतण्याची जागा जवळ असल्यावाचून कोणता प्राणी उघड्यावर येईल?

यावरून मापाचा नियम निघतो. फटीची उंची माशाच्या अंगाच्या उंचीहून किंचितच अधिक असावी. तिला दोन तोंडे असावीत. एकच तोंड असेल तर दांडगा मासा ते अडवून बसतो आणि दुबळ्यास आसरा हाच सापळा ठरतो. (‘आसरा’ हा शब्द मी अन्यत्र टाळला आहे. तो आश्रयापासून आलेला. पण आपल्याकडे डोहाच्या काठी ‘आसरा’ म्हटले की जलदेवताच आठवतात, आणि त्यांचे नाव अप्सरांपासून आलेले आहे.) बोटिया हा समूहाने राहणारा मासा असल्यामुळे एक लांब सामाईक फट आणि तिच्याभोवती सुट्या लहान फटी, माशांच्या संख्येहून अधिक, अशी रचना बरी.

सामग्रीविषयी फार काथ्याकूट करावयास नको. आपल्याकडचा काळा पाषाण उत्तम. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी चुनखडीजन्य पांढरे स्फटिक असतात. त्यांवर शिर्क्याचे थेंब टाकावेत, फेस आला तर तो दगड घेऊ नये, कारण तो पाण्याचा जडपणा वाढवितो. जांभा खरबरीत असल्यामुळे या माशांच्या अगदी बारीक खवल्यांच्या अंगास ओरखडे काढतो. झिलई नसलेले कौल चालते. उकळून घेतलेली करवंटीही चालते, काही दिवस पाणी तांबूस दिसेल इतकेच. पीव्हीसी नळीचे तुकडे दिसावयास कुरूप, पण माशाची त्याविषयी तक्रार नसते. तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. मिशांनी चाचपून अन्न शोधणाऱ्या प्राण्यास खडी म्हणजे रोजची इजा.

रचनेत एक दक्षता प्राणांतिक महत्त्वाची आहे. दगड वाळूवर ठेवू नयेत. आधी पेटीच्या तळावर दगड बसवावेत, मग भोवती वाळू पसरावी. हे मासे दगडाखालची वाळू उकरतात. पाया वाळूचा असेल तर दगड खचतो आणि नेमका उकरणाऱ्याच्याच अंगावर येतो. उतरंड उंच असल्यास दगड सिलिकोनने जोडून घ्यावेत. ते बुरशीनाशक न मिसळलेले असावे व पूर्ण वाळल्यावरच पाणी भरावे.

कपारीत उरलेले अन्न कुजते, क्वचित मेलेला मासाही तेथे दृष्टीआड राहतो, आणि त्यातून निघणारा अमोनिया या जातीस लवकर बाधतो. म्हणून निदान एक भाग उचलून पाहता येईल असा सुटा ठेवावा. मासे हलवितानाही तोच उपयोगी पडतो. बोटियाच्या डोळ्याखाली दुभंगलेला काटा असून घाबरल्यावर तो उभारला जातो व जाळीत अडकतो. ओढून सोडविताना मासा जायबंदी होतो. जाळी न घालता नळीच्या तुकड्यात शिरलेला मासा, दोन्ही तोंडांवर तळहात धरून, नळीसकट उचलून दुसऱ्या पाण्यात सोडावा आणि तो आपण होऊन बाहेर येईपर्यंत नळी तेथेच राहू द्यावी.