तीन महिन्यांचे बाळ आणि प्रबंधाची मुदत

सहा महिन्यांचे मूल पुढे केलेला खुळखुळा दर खेपेस डाव्याच हाताने घेते, हे पाहून घरात ‘डावखुरा होणार’ असे कौतुक चालू असते, त्याच वेळी जाणत्या वैद्याची नजर त्या मुलाच्या मिटलेल्या उजव्या मुठीकडे वळलेली असते. कारण वर्षाच्या आत एकाच हाताचा पक्ष घेणे हे सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत व तोलात येणाऱ्या कायमच्या वैगुण्याचे, पूर्वचिन्ह असू शकते. विल्यम लिटल या लंडनच्या शल्यविशारदाने हा विकार एकोणिसाव्या शतकात वैद्यकाच्या दप्तरी दाखल केला खरा. परंतु मूल बसेना, उभे राहीना, अशी कैफियत घेऊन आईबाप येईतो निदान थांबायचे, हा रिवाज त्यानंतर फार काळ चालू राहिला.

त्याला कलाटणी दिली ती नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधक हाइन्झ प्रेख्टल यांच्या निरीक्षणाने. अर्भकाला न डिवचता, जागे व शांत असताना उताणे निजवून, हातपाय उघडे ठेवून, खुळखुळा, चोखणी वा आईचे लाडिक बोलणे यांपैकी काहीही मध्ये येऊ न देता, काही मिनिटे वरून चित्रण करावे, एवढीच ती रीत. निरोगी बाळाच्या मानेत, मनगटांत व घोट्यांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लहान, गोलसर, सर्व दिशांना वळणाऱ्या हालचाली दिसू लागतात. जाणकार त्यांना ‘फिजेटी’ म्हणतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्या ओसरतात. त्या मुळीच न दिसणे, ही धोक्याची सूचना. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० अर्भकांच्या अभ्यासात, पुढे मज्जाविकार जडलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के बाळे या रीतीने आधीच ओळखता आली होती. एमआरआय आणि अर्भकांच्या मज्जासंस्थेची ‘हॅमरस्मिथ’ नावाची ७८ गुणांची तपासणी यांची जोड दिल्यास निदानाची खातरजमा अधिक होते.

उणीव आहे ती शिकलेल्या डोळ्यांची, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याला वाव आहे तो इथेच. नॉर्वे, बेल्जियम, अमेरिका व भारत येथील ५५७ अर्भकांची चित्रणे संगणकाला दाखवून केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राने पुढे सेरेब्रल पाल्सी ठरलेल्या बाळांपैकी सुमारे ७१ टक्के अचूक हेरली. उरलेली का निसटली, हा अभियंत्यांना उत्तम विषय आहे. तथापि माझ्या मते आपल्याकडचा खरा विषय यंत्राबाहेरचा आहे.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, बाळ तिथल्या रुग्णालयात जन्मते, आणि तिसरा महिना सरता सरता ती सासरी परतते; म्हणजे चित्रणाचा नेमका काळ आला की बाळाने जिल्हा बदललेला असतो आणि कागद मात्र माहेरच्या रुग्णालयात पडून राहतात. ऊसतोड कुटुंबांची तर गोष्टच वेगळी. हंगाम लागला की पत्ता फडाबरोबर फिरतो. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तजवीज केली आहे. त्या केंद्रापर्यंत हे फिरते बाळ मुदतीत कसे पोहोचवावे, आशा सेविकेने मोबाइलवर घेतलेले चित्रण ग्राह्य कितपत मानावे, याचा शोध नॉर्वेतील ट्रॉन्हाइमला बसून लागणार नाही.

या विषयात पडणाऱ्याने एक हिशेब आधी करावा. बाळाचे निदान खरे ठरले की खोटे, हे कळायला साधारण दोन वर्षे लागतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीची मुदत तीन ते सहा वर्षांची आहे. तेव्हा चित्रणे पहिल्याच वर्षी सुरू करावीत, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे, आणि नोंदवहीत माहेर व सासर या दोन्ही ठिकाणचे पत्ते व मोबाइल क्रमांक न चुकता लिहून घ्यावेत.