रेसिडेन्सीशेजारची पेढी

नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले, तेव्हा पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता कर्नल विल्यम पामर. नानांबरोबर मराठी राज्यातले शहाणपण आणि संयमही संपला, अशा आशयाचे पत्र त्याने तेव्हा लिहिले. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना हा पामर बहुधा एवढ्यापुरताच माहीत असतो. त्याचा मुलगाही विल्यमच. तो हैदराबादेत पेढी घालून बसला आणि निजामाच्या सरकारला कर्ज देऊ लागला. काही वर्षे तर अशी गेली, की राज्याच्या कारभाराचे धागे शोधायचे तर दरबाराआधी त्याच्या चोपड्या उघडाव्या लागाव्यात. लोकांनी त्याला ‘किंग पामर’ म्हणावे, यात नवल नव्हते.

धाकट्या विल्यमचा जन्म १७८० चा. आई फैज बख्श बेगम, उत्तरेतल्या खानदानी मुसलमान घरातली. विल्यम शिकला इंग्लंडात, परत आला आणि १७९९ मध्ये निजामाच्या फौजेत अधिकारी झाला. इंग्रजी तो शिकल्यामुळे बोलायचा, फारसी-उर्दू घरची होती. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आता मिश्र रक्ताच्या मुलांना दार बंद होऊ लागले होते. अशा माणसाला मानाने उभे राहायला दोनच जागा होत्या, संस्थानिकाची फौज आणि व्यापार. विल्यमने आधी पहिली धरली, मग दुसरी. १८१० नंतर त्याने देवघेव सुरू केली आणि १८१४ पर्यंत ‘विल्यम पामर आणि कंपनी’ रीतसर उभी राहिली. भागीदारांत बंकटीदास हा गुजराती सावकार होता, तसाच रेसिडेन्सीची भव्य इमारत बांधणारा सॅम्युअल रसेलही. पेढी होती त्या रेसिडेन्सीच्या सावलीत, म्हणजे आजच्या कोठी-सुलतान बाजार भागात. पुढे याच परिसरात हैदराबादच्या मराठी माणसांच्या शाळा आणि संस्था उभ्या राहिल्या.

हे दुकान चालले कशावर? इमारती लाकडाचा व्यापार होता, ठेवी होत्या, हुंड्या होत्या. पण खरा धंदा होता सरकारची नड भागवण्याचा.

त्या काळी निजामाचा मुलूख इजाऱ्याने चालत असे. तालुकदार ठरावीक रक्कम सरकारला देण्याचे कबूल करी आणि तालुक्याचा वसूल आपल्या ताब्यात घेई. ही रक्कम बहुधा आगाऊ द्यावी लागे, आणि तेवढी रोकड तालुकदाराजवळ नसे. मग सावकार जामीन राही किंवा पैसे पुढे करी. त्याची परतफेड पिकातून, म्हणजे शेवटी रयतेकडून. वसूल येई हंगामाला, फौजेचा पगार मात्र दरमहा चढे. या दोहोंमधली दरी सावकारच बुजवी. बेगम बाजारातल्या गुजराती, मारवाडी आणि गोसावी पेढ्या हेच काम करत आणि राज्य त्यांच्यावाचून एक हंगामही काढू शकत नसे. पामरने नवे काही शोधले नव्हते. जुन्या धंद्यात तो इंग्रजांच्या ओळखी घेऊन उतरला, एवढेच.

नेमकी याच वेळी ही दरी रुंदावली. रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाची नवी पलटण उभी केली. ती पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाऊ लागली. हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा, आणि तोही वर्षाला ४० लाखांच्या घरात. नावाचा दिवाण मुनीर-उल-मुल्क असला, तरी कारभार पेशकार राजा चंदुलाल पाहत होता. पलटणीचा पगार चुकला तर रेसिडेंट नाराज, आणि रेसिडेंटचा आधार गेला तर चंदुलालची गादी गेली. म्हणून त्याने औरंगाबाद आणि वऱ्हाडातल्या फौजेचा पगार भागवण्याचे काम पामरकडे दिले आणि बदल्यात वसुलाच्या सनदा लिहून दिल्या. व्याज शेकडा २४-२५. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस आणि ज्वारी अशा रीतीने हैदराबादच्या एका पेढीच्या खात्यावर जमा होऊ लागली.

यात एक कायदा आडवा येत होता. इंग्रज प्रजाजनाने कंपनीच्या परवानगीशिवाय देशी राजांना कर्ज देऊ नये, असे १७९७ मध्ये पार्लमेंटने ठरवले होते. आपल्या दुकानात दरबारी वजनाचा एक भागीदार घेतला, की परवानगीही मिळते, हे पामरने ओळखले. सर विल्यम रम्बोल्ड पेढीत आला. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली, त्याला मुलीसारखी. १८१६ मध्ये हेस्टिंग्जने सूट दिली. त्या दिवसापासून पेढीचे खरे भांडवल तिजोरीतून निघून कलकत्त्याच्या मर्जीत गेले. ठेवीदार १२ टक्क्यांनी पैसे ठेवायला येत, कारण या पेढीच्या पाठीशी कोण आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

१८२० मध्ये ६० लाखांचे मोठे कर्ज पुढे आले. फौजेची थकबाकी फेडायची, सावकारांची देणी भागवायची, उजाड गावांतल्या रयतेला तगाई द्यायची, असा कागदोपत्री हेतू. कलकत्त्याच्या कौन्सिलात मते समसमान पडली, तेव्हा हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत टाकून ते मंजूर केले. त्याच वर्षाअखेर चार्ल्स मेटकाफ हैदराबादेत रेसिडेंट म्हणून आला आणि चोपड्या मागवू लागला. त्याला दिसले, की ६० लाखांतले ८ लाख पेढीने ‘बोनस’ म्हणून आधीच आपल्या पदरात घातले आहेत आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा म्हणजे जुनेच येणे नव्या खात्यावर चढवलेले आहे. रयतेच्या नावाने काढलेल्या कर्जातले रयतेपर्यंत फारसे काही पोहोचले नव्हते.

मेटकाफचा राग व्याजापेक्षा सत्तेवर होता. हैदराबादेत दोन रेसिडेन्स्या झाल्या आहेत, आणि दुसरी दुकानात आहे, हे त्याला सहन होईना. हेस्टिंग्जने आरंभी त्यालाच दटावले. पण कंपनीचे लंडनचे संचालक मेटकाफच्या बाजूने होते आणि १८२३ च्या आरंभी हेस्टिंग्ज हिंदुस्थान सोडून गेला. पामरचे येणे चुकते करायचे ठरले. त्याची रीत मात्र पाहण्याजोगी होती. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाखांची पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिची एकरकमी किंमत धरली सुमारे १ कोटी १६ लाख, आणि त्यातून पेढीचे देणे भागवले. सावकार मोकळा झाला, निजामाने पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न गमावले आणि कंपनीच्या डोक्यावरचा वार्षिक बोजा उतरला.

पैसे मिळाले तरी पेढी वाचली नाही. दरबाराशी व्यवहार करायला मनाई झाली होती, अमीर-उमरावांकडची येणी वसूल होईनात, ठेवीदार रांगेने ठेवी काढू लागले. १८२४ मध्ये दिवाळे निघाले. मर्जीवर उभा राहिलेला धंदा मर्जी फिरताच बसला. लंडनला या प्रकरणाच्या कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ छापला गेला आणि १८२५ मध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत हेस्टिंग्जच्या वागणुकीवर अनेक दिवस वाद झडला. रम्बोल्ड येणी वसूल करण्याच्या खटपटीतच १८३३ मध्ये हैदराबादेत मेला.

पामर बुडाला तरी पलटणीचा खर्च होताच, चंदुलालही होता. रिकामी जागा भरायला आमच्या कोकणातली माणसे गेली. तारापूरचे विकाजी आणि पेस्तनजी मेहरजी हे पारशी बंधू. उत्तर कोकणातल्या जकातीच्या मक्त्यांवर मोठे झालेले. वऱ्हाडचा कापूस मुंबईला प्रथम धाडला तो याच पेढीने, १८२५-२६ मध्ये, ५०० बैलांवर लादून १ लाख २० हजार पौंड. पुढे त्यांनी निजाम सरकारला कर्जे दिली, त्यापोटी वऱ्हाडातले वसूल लावून घेतले, औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांची नाणी पडू लागली. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला आणि नव्या कारभाऱ्यांनी वसुलाला लावून दिलेले महाल परत घेतले. इंग्रजांनी हात वर केले. ही पेढीही बुडाली आणि तिची दाद पार्लमेंटपर्यंत जाऊनही हाती काही आले नाही. पामरला कलकत्ता होते, तारापूरकरांना फक्त चंदुलाल. शेवट एकच.

मग उरला एकच सावकार, कंपनी स्वतः. पलटणीच्या पगारासाठी निजामाने तिच्याकडूनच उचल घेतली, आणि मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दुआब तिच्या हवाली करावा लागला. पामरने वसूल तारण घेतला म्हणून त्याला लुटारू ठरवणाऱ्या कंपनीने प्रांतच तारण घेतला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले.

नळदुर्गच्या कारभारावर १८५३ मध्ये आलेला अधिकारी होता कॅप्टन मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला, पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ लिहिणारा. तोही मूळचा व्यापारासाठी मुंबईला आलेला पोरगा. तिथली पेढी डबघाईला आलेली पाहून तो १८२४ मध्ये निजामाच्या नोकरीत शिरला. त्याची बायको मेरी ही विल्यम पामरची मुलगी. सासऱ्याने ज्या मराठी मुलखाच्या पिकावर पैसे लावले, त्याच मुलखात जावई जमिनीची पाहणी करत आणि तलाव बांधत होता.

पामर हे सारे पाहत हैदराबादेतच राहिला आणि १८६७ मध्ये, सत्त्याऐंशीच्या घरात, तिथेच वारला. त्याचा न्याय मेटकाफच्या अहवालावरून करण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. तो लोभी होता, पण त्याची जागा लोभाने निर्माण केली नव्हती. ज्या राज्याला आपला महसूल स्वतः गोळा करता येत नाही आणि ज्याच्या फौजेचा हुकूम दुसऱ्याच्या हाती आहे, तिथे दुकानदार राजकारणी होणारच. त्याला हुसकावले तर दुसरा येतो, आणि दुसऱ्यामागून येणारा तिसरा प्रांत घेऊन जातो.

याचे खरे उत्तर मेटकाफने दिले नाही, ते दिले १८५३ मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगाने. त्याने इजारे मोडीत काढले, तालुकदारांना पगारी नोकर केले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून, म्हणजे मुलखाचे जिल्हे आखून, वसूल थेट खजिन्यात आणला. सावकार पुढेही राहिले, श्रीमंतही राहिले. पण पलटणीचा पगार पेढीवरून मागवण्याची वेळ सरकारवर राहिली नाही, आणि सावकाराचे राज्यावरचे राज्य तिथे संपले.