शाळेच्या गेटवर पोलीस उभा राहिला की पोरं सुरक्षित होतात का? कायदा काय सांगतो आणि पालकांनी शाळेत काय विचारायचं

पेण : कुठे काही वाईट घडलं की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते, 'शाळेत पोलीस द्या'. पेण-रोह्याकडचे पालकही याला अपवाद नाहीत. मुलगी सकाळी वाडीवरून निघते, एसटी नाहीतर मिनीडोर पकडून हायस्कूलला जाते आणि अंधार पडायच्या बेताला घरी येते. मधल्या आठ-नऊ तासांत ती कुणाच्या नजरेखाली असते, ही काळजी खरी आहे. पण पोलीस नेमका कुठे उभा राहिला पाहिजे, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्या मागणीचा उपयोग होत नाही.

बदलापूरला काय चुकलं?

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत ऑगस्ट 2024 मध्ये शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं. आरोपी बाहेरून आलेला गुंड नव्हता, शाळेतच कामाला असलेला सफाई कर्मचारी होता. 16 ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घ्यायलाच त्यांना कित्येक तास ताटकळत बसावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद राहिली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन शाळा आणि पोलीस दोघांनाही खडसावलं. दिरंगाईबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले. घटना कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. पुढे 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीबारात मारला गेला.

आता विचार करा. त्या दिवशी गेटवर हवालदार उभा असता तर काय झालं असतं? कर्मचाऱ्याला त्यानं अडवलंच नसतं, कारण तो रोज कामाला येणारा माणूस. चूक झाली ती तीन ठिकाणी. माणूस कामावर घेताना, मुलींवर लक्ष ठेवताना आणि तक्रार आल्यावर. यातली एकही जागा गेटवर नाही.

देशाची आकडेवारीही हेच सांगते. पोक्सोखालच्या बलात्काराच्या शंभर प्रकरणांतल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो.

मग पोलीस नकोच का?

तसं नाही. पोलिसांचं काम आहे, पण ते जास्त करून गेटच्या बाहेर आहे. एसटी स्टँडवर शाळा सुटायच्या वेळी घिरट्या घालणारी टोळकी, मुंबई-गोवा महामार्गावर पोरं रस्ता ओलांडतात ती ठिकाणं, मिनीडोरच्या मागे लटकून जाणारी मुलं, शाळेजवळची गुटख्याची टपरी. शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गस्त झाली तरी यातलं बरंच कमी होतं.

कायमचा पोलीस शाळेत ठेवायचा म्हटलं तर पहिली अडचण मनुष्यबळाची. पेण तालुक्यात पेण, वडखळ, दादर सागरी आणि रोहा तालुक्यात रोहा, कोलाड, नागोठणे अशी पोलीस ठाणी आहेत. यांच्याच माथी महामार्गाचे अपघात, गणपती-होळीचा बंदोबस्त आणि डोंगरातल्या वाड्या. प्रत्येक शाळेला एक माणूस कुठून देणार?

दुसरी अडचण मुलांची. नववीतल्या दोन पोरांची मारामारी मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून मिटवायची असते. वर्दी दारातच उभी असली की तीच गोष्ट पोलीस ठाण्यात जायला वेळ लागत नाही. म्हणूनच बाल न्याय कायदा, 2015 वेगळी वाट दाखवतो. 18 वर्षांखालच्या मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, कोठडीत ठेवायचं नाही. या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा मुलावर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद घेतात.

अमेरिकेत अनेक शाळांत कायमचे पोलीस असतात. तिथेही वाद मिटलेला नाही. डेन्व्हर शहरानं 2020 मध्ये शाळांतून पोलीस काढायचं ठरवलं आणि 2023 मध्ये एका हायस्कुलात गोळीबार झाल्यावर परत आणले. टेक्सासमधल्या युवाल्डी गावात 24 मे 2022 रोजी बंदूकधारी शाळेत घुसला, तेव्हा तिथे 376 पोलीस जमले होते. तरी वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न तसा नाही, पण पोलीस हजर असणं आणि त्यांनी वेळेत काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेही दिसलं आणि बदलापुरातही.

शाळेवर कोणती जबाबदारी आहे?

बदलापूरनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही बसवायचे. नोकरीवर घेण्याआधी माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करायची, आणि त्यात कंत्राटी माणूसही आला. म्हणजे सफाईवाला, शिपाई, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर सगळे. तक्रारपेटी ठेवायची, सखी सावित्री समिती नुसती कागदावर ठेवायची नाही. शाळेत काही अनुचित घडलं तर 24 तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं.

त्याहून मोठी जबाबदारी पोक्सो कायदा, 2012 टाकतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. मग तो शिक्षक असो, डॉक्टर असो नाहीतर सरपंच. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेची बदनामी होईल', 'गावातच मिटवू' ही कारणं कायद्यापुढे चालत नाहीत. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

तक्रार द्यायला गेल्यावर काय हक्क आहेत?

पोक्सोप्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकारी, आणि ती उपनिरीक्षक दर्जाच्या खालची नको. जबाब घेताना अंगावर वर्दी नसावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. म्हणजे लहान पोरीला घेऊन ठाण्याच्या बाकड्यावर बसायची वेळ पालकांवर यायलाच नको.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारून ठेवा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. तरी नोंदवला नाही, तर लेखी तक्रार अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तातडीला 112 आणि मुलांसाठी 1098, दोन्ही नंबर मोफत आहेत.

आणि एक. अशा प्रकरणात मुलीचं नाव, फोटो, शाळा, घर, गाव असं तिची ओळख पटेल ते काहीही ग्रुपवर टाकू नका. तो गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे. 'न्याय मिळावा म्हणून टाकलं' म्हटलं तरी सुटका नाही.

पुढच्या पालकसभेत हे विचारा

- शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची आणि मुलं नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झाली आहे का? कागद दाखवा.
- कॅमेरे चालू आहेत का? फुटेज कोण बघतं? लाइट गेली तर काय?
- तक्रारपेटी कोणासमोर आणि कधी उघडतात?
- मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोणाचं लक्ष असतं? लहान मुलांना तिथे कोण नेतं?
- शेवटची एसटी चुकली तर मुलीची जबाबदारी कोणाची?

यातल्या बऱ्याच प्रश्नांना पैसा लागत नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे हे विचारायचा अधिकार पालकांच्या हातात आधीच आहे. पोलिसांकडे मागायचंच असेल तर गेटवरचा हवालदार मागण्याआधी दोन गोष्टी मागा. शाळा सुटायच्या वेळी स्टँडवर गस्त, आणि तक्रार घेऊन गेलेल्या आईचं म्हणणं लगेच लिहून घेणारा अधिकारी.