ऊन, इंजिन आणि आईचं इन्सुलिन

टपावर सोलर, बोनेटखाली आल्टरनेटर. दोन-दोन चार्जर असताना कॅम्पर व्हॅनमधला फ्रीज रात्री अडीच वाजता बंद पडतोच कसा?

रात्रीचे अडीच. गुहागरचं सुरूचं बन. समुद्राची गाज ऐकत मी मस्त झोपले होते आणि एकदम जाग आली ती शांततेमुळे. फ्रीजची घरघर थांबली होती.

एरवी मी कूस बदलून झोपले असते. दह्याचं काय, फार तर आंबट होईल. पण त्या फ्रीजमध्ये आईची इन्सुलिनची चार न उघडलेली पेन होती. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. खरं तर कॅम्पर व्हॅन घेण्याचं कारणच ते होतं. आईला समुद्र बघायचा होता आणि हॉटेलच्या फ्रीजवर तिचा काडीचा विश्वास नाही. ‘कोण कधी स्विच काढेल, सांगता येत नाही,’ हे तिचं म्हणणं. म्हणून दादाने डिसेंबरात चार दिवसांसाठी पुण्यातून ही चाकांवरची खोली भाड्याने घेतली. आई, दादा, वहिनी आणि मी. मालक चावी देताना म्हणाला होता, “वर दोनशे वॅटचं सोलर आहे, गाडी चालताना आल्टरनेटर चार्ज करतो. एकदम टेन्शन फ्री!”

टेन्शन फ्री मंडळी आता टॉर्च घेऊन एका छोट्या डिस्प्लेसमोर उभी होती. आकडा होता ११.६ व्होल्ट.

दोन बॅटऱ्यांचा संसार

थोडक्यात फंडा असा. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक बोनेटखालची, तिचं काम सेल्फ मारणं. दुसरी मागची, ‘घरची’: फ्रीज, पंखा, दिवे, मोबाइल सगळं तिच्यावर. आमची घरची बॅटरी १५० ॲम्पिअर-तासांची, साधी लेड-ॲसिड. पण लेड-ॲसिड अर्ध्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे वापरायला खरे ७५च. पगार दीडशे, हातात पंचाहत्तर. आपल्याला हे गणित नवीन नाही!

दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे असतो एक रिले. व्होल्टेज साधारण १३.३च्या वर गेलं की तो ‘टक्’ करून दोघींना जोडतो, १२.८च्या आसपास उतरलं की सोडवतो. त्यामुळे घरची बॅटरी कितीही रिकामी झाली तरी सेल्फ मारायला पुढची शाबूत राहते. तेवढं मात्र आमच्या पथ्यावर पडलं.

दादाने इंजिन चालू केलं. काही क्षणांत डिस्प्ले १४.१! फ्रीज सुरू झाला, आम्ही टाळ्या दिल्या. चाळीस मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरत ठेवली, शेजारच्या तंबूवाल्यांचे शिव्याशाप घेतले आणि झोपलो.

पाच वाजता फ्रीज पुन्हा बंद. सकाळी आत हात घातला तर गार नाही, नुसतं थंडसर. थर्मामीटर १३ अंश दाखवत होता. आई काही बोलली नाही. पर्समधून चष्मा काढून पेनवरची बारीक अक्षरं वाचत बसली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

वहिनीने पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किती अंश, किती तास, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की एवढ्याने औषध वाया जात नाही. हीच पेन आधी वापरा आणि उन्हात, बंद गाडीत अजिबात ठेवू नका. जीव भांड्यात पडला. तरी दोन दिवस बाकी होते, म्हणून वाटेतून बर्फ घेतला आणि पेन थेट बर्फाला लागून गोठू नयेत म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली. मग गाडी चिपळूणकडे.

“पाणी भांडतं का?”

चिपळूणला गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका भेटले. दादाची थिअरी तयार होती. “काका, पॅनल गेलंय. परवा पाटणच्या पुढे टळटळीत ऊन होतं, तरी कंट्रोलर शून्य दाखवत होता. सोलर आणि आल्टरनेटर एकमेकांशी भांडतायत बहुतेक.”

काका हसले. “अहो, घरच्या टाकीत नळाचं पाणी सोडता, बोअरचंही सोडता. पाणी भांडतं का? टाकी भरत आली की बॉल वर येतो आणि एक पाइप आपोआप बंद होतो. इथे बॉल म्हणजे व्होल्टेज.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. परवा सहा-सात तास गाडी चालली होती. बॅटरी भरत आली होती आणि आल्टरनेटरने तिला १४.४ व्होल्टला धरून ठेवलं होतं. सोलरचा कंट्रोलर १४.२वर थांबायला सेट केलेला. त्याने पाहिलं, इथे तर आधीच जास्त आहे, आणि तो बाजूला झाला. बिघाड नव्हे, समजूतदारपणा! उलट सोलरची वीज आल्टरनेटरमध्ये शिरून तो जळेल, ही भीतीही फोल. आल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते वीज बाहेर सोडतात, उलटी आत घेत नाहीत.

“मग रात्री १४.१ दाखवत होतं ते?” मी विचारलं.

काकांनी क्लॅम्प मीटर मागच्या वायरला लावला. इंजिन जागेवर चालू: ९ ॲम्पिअर. ॲक्सिलरेटर दाबल्यावर: २४. “बघा ताई. जागेवर डायनामो हळू फिरतो. त्यात गाडीची स्वतःची भूक, वर मागे जाणारी ही लांब, बारीक वायर. चाळीस मिनिटांत मिळाले सहा. त्यातले अर्धे फ्रीजनेच खाल्ले. १४.१ हा चार्जरचा आकडा, बॅटरीचा नाही.”

खात्री पटावी म्हणून त्यांनी सगळं बंद करायला लावलं, पॅनलची वायरही काढली. समोरच्या टपरीवर चहा झाला, गप्पा झाल्या. पाऊण तासाने मीटर लावला. येताना रस्त्यात १३.९ दाखवणारी बॅटरी आता १२.३वर होती. लेड-ॲसिड पूर्ण भरलेली असेल तर १२.७च्या आसपास थांबते, अर्धी असेल तर १२.२. म्हणजे तासाभराचा प्रवास होऊनही आम्ही जेमतेम अर्ध्याच्या वर होतो.

पहिला भात, शेवटचा भात

“पंगतीत पहिला भात कसा सपासप वाढतात? तसं रिकाम्या बॅटरीला डायनामो भराभर वाढतो,” काका म्हणाले. “पण ऐंशी टक्के झाले की तीच हळू घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना काही तास लागतात. त्यासाठी इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेल जाळणं. ते काम उन्हाचं. दिवसभर थोडं थोडं, न कंटाळता.”

आणि आम्ही काय केलं होतं? गाडी दीड दिवस सुरूच्या गार सावलीत लावली! पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. थोड्यांवर सावली पडली तरी सगळ्या पॅनलची वीज पडते. काकांनी मोकळ्या उन्हात पॅनल मोजलं, तर दुपारी ९ ॲम्पिअर. पॅनल ठणठणीत. डिसेंबरात, टपावर आडवं असताना, दिवसाला ४५-५० ॲम्पिअर-तास मिळतात. आमचा खर्च? फ्रीज ४०, पंखा १२, दिवे ३ आणि दादाचा इन्व्हर्टरवरचा लॅपटॉप तब्बल २२. एकूण ७७. वहिनीने दादाकडे फक्त पाहिलं.

“लिथियम टाकली तर?” दादाने विषय बदलला. काकांनी मान हलवली. लिथियम बॅटरी हवी तेवढी वीज ओढते. नुसत्या रिलेवर जोडली तर आल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो, विशेषतः गाडी उभी असताना, कारण त्याचा पंखाही तेव्हा हळूच फिरतो. शिवाय काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटर पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. मग रिले सुटतो आणि मागच्या बॅटरीला काहीच मिळत नाही. दोन्हींवर उपाय एकच, डीसी-टू-डीसी चार्जर. तो ठरावीकच करंट घेतो आणि मागे योग्य व्होल्टेज देतो.

त्या दुपारी गुहागरला परतून गाडी मोकळ्या मैदानात लावली. आत उकडलं, पण लॅपटॉप बॅगेतच राहिला. तिसऱ्या रात्री मी दोनदा उठून कान लावला. घरघर चालू होती. दुसऱ्यांदा उठले तेव्हा अंधारातून आईचा आवाज आला, “चालू आहे गं. मी केव्हाची ऐकतेय. झोप आता.”

कॅम्पर घेताय? आधी हे विचारा

• घरची बॅटरी किती ॲम्पिअर-तासांची आणि कोणती? लेड-ॲसिड असेल तर निम्मीच धरा.

• मधे साधा रिले आहे की डीसी-टू-डीसी चार्जर? लिथियम असेल तर दुसराच हवा.

• बॅटरीचा आकडा गाडी आणि ऊन दोन्ही नसताना वाचा. उत्तम वेळ पहाटेची.

• गाडी उन्हात, माणसं सावलीत. उलटं नको.

• औषधं सोबत असतील तर बर्फाचा डबा आणि थर्मामीटर घ्याच. सोलर कितीही वॅटचं असो.